रोझेनहॅनचा प्रयोग : गोष्ट चांगली, पुरावा कच्चा

मानसशास्त्राच्या अनेक पाठ्यपुस्तकांत एक गोष्ट हमखास भेटते. आठ धडधाकट माणसे 'आवाज ऐकू येतात' एवढीच थाप मारून निरनिराळ्या मनोरुग्णालयांत दाखल होतात. आत गेल्यावर ती नेहमीसारखी वागू लागतात, तरी एकाही डॉक्टरला त्यांचे सोंग ओळखता येत नाही. ओळखतात ते शेजारच्या खाटेवरचे रुग्ण! ऐकणारा आधी हसतो, मग गंभीर होतो आणि शेवटी म्हणतो, "म्हणजे शहाणा कोण आणि वेडा कोण, हे डॉक्टरांनाही कळत नाही तर!"

ही गोष्ट आम्हीही पुष्कळ वर्षे सांगत आलो. शिक्षकांच्या शिबिरांत 'निरीक्षण आणि पूर्वग्रह' हा विषय निघाला, की ती फार उपयोगी पडे. अशाच एका शिबिरानंतर एक शिक्षक मागे थांबले. बाकीचे चहाला गेल्यावर त्यांनी हळूच विचारले, "सर, माझ्या धाकट्या भावाला सहा वर्षे लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. निदानच असं पोकळ असेल, तर त्या बंद केलेल्या बऱ्या ना?"

आमच्याजवळ तयार उत्तर नव्हते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका, एवढे त्यांना बजावले आणि घरी येऊन मूळ निबंध प्रथमच शेवटपर्यंत वाचून काढला. जी गोष्ट पुरावा म्हणून सांगतो, ती पुरावा म्हणून किती टिकते, हे आम्ही कधी तपासलेच नव्हते. ती तपासणी येथे मांडत आहोत.

मूळ निबंधात काय आहे?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ डेव्हिड रोझेनहॅन यांचा हा निबंध 'सायन्स' या साप्ताहिकात जानेवारी १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन स्त्रिया व पाच पुरुष अशा आठ तोतया रुग्णांनी पाच राज्यांतील १२ रुग्णालयांत प्रवेश मिळवला. रोझेनहॅन स्वतः त्यांपैकी एक होते. तक्रार एकच सांगायची : अनोळखी आवाज येतात, नीट कळत नाहीत, पण 'रिकामे', 'पोकळ', 'धप्प' असे काहीसे म्हणतात. नाव आणि गरजेप्रमाणे व्यवसाय खोटा सांगायचा, बाकी सारी हकीकत खरी. दाखल होताच सोंग बंद.

एक अपवाद वगळता प्रत्येक वेळी निदान झाले ते स्किझोफ्रेनियाचे, म्हणजे छिन्नमनस्कतेचे. मुक्काम ७ ते ५२ दिवसांचा झाला, सरासरी १९ दिवसांचा. पहिल्या तीन प्रवेशांत वॉर्डातील ११८ रुग्णांपैकी ३५ जणांनी या मंडळींविषयी शंका बोलून दाखवली. सर्वांना मिळून सुमारे २,१०० गोळ्या देण्यात आल्या. तोतया वहीत टिपणे काढत, तर त्या लिहिण्याचीही रुग्णाचे वर्तन म्हणून नोंद झाली. घरी सोडताना कागदावर शेरा पडला, 'स्किझोफ्रेनिया, सध्या लक्षणे नाहीत'.

निबंधाचा दुसरा भाग आणखी चटकदार आहे. एका नामांकित रुग्णालयाला आधीच सांगून ठेवले, की येत्या तीन महिन्यांत तुमच्याकडे तोतये पाठवू. तेथे १९३ रुग्णांची पारख झाली. त्यांपैकी ४१ जण नक्की तोतये असल्याचे कर्मचाऱ्यांपैकी कोणाला तरी वाटले. प्रत्यक्षात एकही तोतया पाठवलेला नव्हता! यावरून रोझेनहॅन यांनी निष्कर्ष काढला, की निदान हे रुग्णाच्या ठिकाणी नसून पाहणाऱ्याच्या मनात असते.

तर्क कोठे अडखळतो?

पहिला आक्षेप सेमूर केटी या संशोधकांनी घेतला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : समजा एखादा मनुष्य गुपचूप रक्त पिऊन रुग्णालयात गेला आणि तेथे त्याने रक्ताची उलटी केली. डॉक्टर जठरातील व्रणाचे निदान करतील. मग डॉक्टरांना व्रण ओळखता येत नाही, असे म्हणायचे का? वैद्यक रुग्णाच्या सांगण्यावर विश्वास ठेवून सुरू होते. खोटे ओळखता न येणे आणि खरा आजार ओळखता न येणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

दुसरा आक्षेप रॉबर्ट स्पिट्झर यांनी १९७५ मध्ये घेतला. 'सध्या लक्षणे नाहीत' हा शेरा त्यांना महत्त्वाचा वाटला. त्यांनी निरनिराळ्या रुग्णालयांकडे चौकशी केली, तेव्हा खऱ्या रुग्णांना असा शेरा अगदी क्वचित मिळतो असे दिसले. म्हणजे ही माणसे आता नॉर्मल वागत आहेत, हे डॉक्टरांनी पाहिले होते आणि लिहूनही ठेवले होते. रोझेनहॅन यांनी जो शेरा डॉक्टरांच्या आंधळेपणाचा पुरावा म्हणून दिला, तो उलट बाजूनेही वाचता येतो.

दुसऱ्या भागाचेही तेच. चोर येणार अशी दवंडी पिटल्यावर गावकऱ्यांना प्रत्येक वाटसरूत चोर दिसू लागतो. त्यावरून अपेक्षेचा परिणाम सिद्ध होतो, चोर नावाची वस्तूच नसते असे सिद्ध होत नाही. शिवाय ४१ हा आकडा सर्व कर्मचाऱ्यांचा मिळून आहे. मनोविकारतज्ज्ञांनी संशय घेतलेले रुग्ण २३ होते, हे त्याच निबंधात असूनही गोष्ट सांगताना गळून जाते. आमच्याही सांगण्यातून ते गळले होते.

कागद काय सांगतात?

येथपर्यंतचे आक्षेप तर्काचे झाले. सुझाना कॅहॅलन या अमेरिकन पत्रकार बाईंनी २०१९ मध्ये 'द ग्रेट प्रिटेंडर' हे पुस्तक प्रसिद्ध केले आणि प्रश्न थेट पुराव्यावरच आला. रोझेनहॅन यांचे २०१२ मध्ये निधन झाले होते. पण त्यांच्या स्वतःच्या १९६९ मधील रुग्णालय-प्रवेशाचे कागद बाईंना मिळाले. त्यांत तीन शब्दांच्या पलीकडे बरेच काही होते. आवाज टाळण्यासाठी कानांवर तांब्याची भांडी धरतो, दुसऱ्यांच्या मनातले ऐकू येते, जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येऊन गेले, असे या 'रुग्णा'ने डॉक्टरांना सांगितल्याची नोंद होती. असे सांगणाऱ्या माणसाला घरी पाठवणारा डॉक्टर आपण हलगर्जी ठरवला असता.

आणखी एक गोष्ट. तोतया नऊ जण होते, पण नवव्याने आपल्या आयुष्याविषयी खोटी माहिती दिली म्हणून त्याला वगळले, असे रोझेनहॅन यांनी तळटीपेत म्हटले होते. कॅहॅलन यांनी त्या गृहस्थांना शोधून काढले. त्यांचा रुग्णालयातील अनुभव चांगला होता. तेथे आपल्याला आधार मिळाला, असे त्यांनी सांगितले. निष्कर्षाला न जुळणारे निरीक्षण गाळले गेले होते, आणि ज्या कारणासाठी ते गाळले, तेच कारण खुद्द प्रयोगकर्त्यालाही लागू पडत होते! गणना झालेल्या आठांपैकी रोझेनहॅन आणि त्यांचा एक विद्यार्थी यांची ओळख पटली. बाकीच्या सहांचा पत्ता वर्षानुवर्षे शोधूनही लागला नाही. म्हणून ते नव्हतेच, असे आम्ही म्हणणार नाही. पण जो पुरावा दुसऱ्या कोणाला पाहता येत नाही, त्यावर एवढा मोठा निष्कर्ष उभा करता येत नाही, हे नक्की.

मग निदानात दोष नव्हताच का?

होता, आणि मोठा होता. तो दाखवणारे काम मात्र दुसरीकडे, गाजावाजा न होता चालले होते. अमेरिकेत स्किझोफ्रेनियाचे रुग्ण ब्रिटनपेक्षा फार जास्त का, हा प्रश्न १९६० नंतरच्या दशकात संशोधकांना पडला. न्यूयॉर्क आणि लंडन येथील रुग्णालयांत भरती होणाऱ्या रुग्णांना त्यांनी एकाच पद्धतीचे प्रश्न विचारले आणि एकच कसोटी लावली. दोन्ही शहरांतील फरक जवळजवळ नाहीसा झाला! रुग्ण सारखेच होते, डॉक्टरांच्या व्याख्या वेगळ्या होत्या. रुग्णांच्या मुलाखतींच्या चित्रफिती दोन्ही देशांतील तज्ज्ञांना दाखवल्या, तेव्हा एकाच रुग्णाला बहुसंख्य अमेरिकन तज्ज्ञांनी स्किझोफ्रेनिया म्हटले, तर ब्रिटिश तज्ज्ञांपैकी तसे म्हणणारा विरळा.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हता. जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९४९ मध्ये उन्मादाच्या दहा रुग्णांवर लिथियमचा उपयोग होतो असे दाखवले होते. पुढे डेन्मार्कमध्ये मोगेन्स शाऊ यांनी त्याची पद्धतशीर चाचणी घेतली आणि १९७० मध्ये अमेरिकेतही उन्मादासाठी त्याला मान्यता मिळाली. उन्माद आणि खिन्नता आळीपाळीने येणाऱ्या या विकाराला आज द्विध्रुवी विकार म्हणतात. अशा रुग्णावर चुकून स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसला, की लिथियम त्याच्यापर्यंत पोचणे कठीण. उलट त्याच्या खिन्नतेच्या काळात साधे नैराश्य समजून नुसते नैराश्यावरचे औषध दिले, तर काही जणांत उन्माद उसळू शकतो. निदान पोकळ असते, तर असे काही घडलेच नसते. निदान चुकले की उपचार चुकतो, यावरूनच त्यात काही दम आहे हे कळते.

१९८० मध्ये अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेची तिसरी आवृत्ती काढली. ती करणाऱ्या समितीचे प्रमुख होते तेच स्पिट्झर. तीत प्रत्येक विकारासाठी लक्षणांची यादी आणि मुदत घालून दिली. स्किझोफ्रेनियाला सहा महिन्यांची मुदत आली. नुसते आवाज ऐकू येतात असे असेल, तर ते एकदोन शब्दांपेक्षा अधिक काही बोलत असले पाहिजेत, असेही आले. या कसोटीवर निबंधात वर्णन केलेला तोतया बसत नाही.

पण याद्या केल्या म्हणून प्रश्न सुटला, असेही नाही. एकाच उत्तरपत्रिकेला दोन परीक्षकांचे गुण किती जुळतात हे आपण पाहतो, तसे दोन डॉक्टरांचे निदान किती जुळते हे मोजण्याचा 'कॅपा' नावाचा निर्देशांक आहे. नुसत्या योगायोगाने जुळेल तेवढेच जुळले तर शून्य, सर्व रुग्णांत जुळले तर एक. त्याच पुस्तिकेच्या २०१३ मधील पाचव्या आवृत्तीपूर्वी प्रत्यक्ष रुग्णांवर चाचण्या झाल्या. त्यांत द्विध्रुवी विकाराला सुमारे ०.५६, स्किझोफ्रेनियाला ०.४६ आणि तीव्र नैराश्याला अवघा ०.२८ असा आकडा आला. हे आकडे अभिमानाचे नाहीत. पण ते ज्यांचे दोष दाखवतात, त्यांनीच ते मोजून छापले आहेत. निदानपद्धतीवर टीका करायची तर या आकड्यांवरून करावी. सहा न सापडणाऱ्या माणसांच्या आधाराची गरज नाही.

आजही या विकारांचे निदान करील अशी रक्ताची तपासणी नाही. रक्त तपासतात ते थायरॉइडसारखी दुसरी कारणे वगळण्यासाठी. कॅहॅलन बाईंचाच अनुभव पाहा. २००९ मध्ये त्यांना भ्रम आणि भास होऊ लागले, मनोविकार असावा असे डॉक्टरांना वाटले. अखेर शरीराच्या प्रतिकारयंत्रणेनेच मेंदूवर हल्ला केल्याचे निघाले आणि त्यावरील उपचारांनी त्या बऱ्या झाल्या. चुकीच्या निदानाची झळ सोसलेल्या या बाईंना रोझेनहॅनचा निबंध आवडावा, हे स्वाभाविक होते. तरी कागद हाती येताच त्यांनी तो तपासला. आम्हांला हे फार मोलाचे वाटते.

आपल्याकडे याचा अर्थ काय?

रोझेनहॅन यांची एक चिंता मात्र खरी होती : एकदा लागलेला शिक्का पुसला जात नाही. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या तिसऱ्या कलमात यावर नेमके बोट ठेवले आहे. पूर्वी उपचार झाले होते किंवा रुग्णालयात ठेवले होते, एवढ्यावरून आज कोणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही, असे ते कलम सांगते. निदान मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच व्हावे, असेही त्यात आहे.

आपल्या देशाची अडचण मात्र त्या गोष्टीतल्या अडचणीच्या उलट आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये केलेल्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मानसिक विकारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांवाचून असल्याचे आढळले. येथे धडधाकट माणूस दाखल होत नाही; आजारी माणूस डॉक्टरपर्यंत पोचतच नाही. अशा ठिकाणी 'निदान म्हणजे थोतांड' हा संदेश वर्गातून गेला, तर तो कोणाच्या घरी जाऊन काय करील, याचा विचार शिक्षकाने केला पाहिजे. आम्ही तो केला नव्हता.

ही गोष्ट वर्गात सांगूच नये, असे आम्ही म्हणत नाही. अवश्य सांगावी, आणि मग विद्यार्थ्यांना तीन प्रश्न विचारावेत. निष्कर्ष निरीक्षणांतून खरोखर निघतो का? न जुळणाऱ्या निरीक्षणाचे काय केले? कागद दुसऱ्या कोणाला पाहायला मिळतात का? अकरावी-बारावीच्या मुलांना हे प्रश्न छान झेपतात, असा आमचा अनुभव आहे. त्या तासाला फळ्यावर १४४१६ हा टेली-मानसचा दूरध्वनी क्रमांकही लिहून ठेवावा. २०२२ मध्ये सुरू झालेल्या या सरकारी सेवेत मानसिक त्रासाविषयी फुकट सल्ला मिळतो. तो कोणाला हवा आहे, हे विचारू नये.

त्या शिक्षकांना आम्ही नंतर पत्र लिहिले. लिथियम एकाएकी थांबवल्यास आजार उलटण्याचा धोका वाढतो, त्याचे रक्तातील प्रमाण तसेच मूत्रपिंड व थायरॉइड ठरावीक काळाने तपासावे लागतात आणि निदानाविषयी शंका असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे हा रुग्णाचा हक्क आहे, एवढे त्यात होते. आणि शिबिरात सांगितलेली गोष्ट अर्धीच होती, ही कबुलीही.