मुंडवारा संकुलाचे वय : एका आकड्याची समीक्षा

अंतर्वेशी अग्निज राशींच्या किरणोत्सारी कालमापनाविषयीच्या लेखनात अमुक राशीचे वय अमुक कोटी वर्षे, असे एकेरी विधान वारंवार आढळते. हे वय राशीतील कोणत्या खडकाचे व कोणत्या खनिजाचे, हा प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. राजस्थानच्या सिरोही जिल्ह्यातील मुंडवारा अल्कली संकुल या दृष्टीने उद्बोधक ठरते.

बसू व सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये मुंडवारा व सारनू येथील कृष्णाभ्रकाचे वय आर्गॉन-आर्गॉन पद्धतीने सुमारे ६.८५ कोटी वर्षे निश्चित केले. ही राशी दख्खनच्या प्रमुख उद्रेकाहून सुमारे ३५ लाख वर्षे आधीची ठरली आणि तिला दख्खन ज्वालामुखीचा आरंभकाळ मानले गेले. त्याच अभ्यासातील गुजरातेतील फेनाई माता संकुलाचे वय सुमारे ६.५ कोटी वर्षे आले. ते संकुल बेसाल्टचे थर छेदून वर आलेले असल्याने ते त्या थरांहून तरुण असणार, हे क्षेत्रीय पुराव्यानेही सिद्ध होते. मुंडवाऱ्यास असा आधार नाही. ते प्राचीन एरिनपुरा ग्रॅनाइटमध्ये घुसलेले असून छेदनसंबंधावरून ते त्या ग्रॅनाइटनंतरचे, एवढेच कळते. साहजिकच निष्कर्षाचा सारा भार प्रयोगशाळेतील आकड्यावर पडला.

२०१७ मध्ये पांडे व सहकाऱ्यांनी याच संकुलातील विविध खडकांचे कालमापन केले, तेव्हा त्याची घडण प्रारंभिक क्रिटेशसपासून पॅलिओजीनपर्यंत टप्प्याटप्प्याने झाल्याचे दिसून आले. तोआ, मेर व मुसला या तीन राशी आणि त्यांना छेदणाऱ्या भित्ती एकाच आकड्यात सामावत नाहीत. १९९३ चे मापन चुकीचे होते, असा याचा अर्थ नव्हे. एका नमुन्याचे वय संपूर्ण संकुलास लावणे, हा खरा दोष होय.

दुसरी अडचण खनिजाच्या स्वभावाची. पोटॅशियम-४० चा अर्धायुकाल सुमारे १२५ कोटी वर्षे असला, तरी घड्याळ सुरू होते ते खनिज आर्गॉन धरून ठेवू लागल्यावर. कृष्णाभ्रकात हे सुमारे ३०० अंश सेल्सियसला घडते, हॉर्नब्लेंडमध्ये सुमारे ५०० अंशांना. संथपणे थंड होणाऱ्या खोल राशीत शिलारसाचे आगमन व हा क्षण यांत बराच काळ जाऊ शकतो. नंतरच्या तापनाने आर्गॉन निसटून वय कमीही दिसते. युरेनियम-शिसे पद्धतीतील झिरकॉन स्फटिकीभवनाच्या अधिक जवळचा काळ सांगतो. परंतु सिलिकान्यून अल्कली खडकांत तो विरळाच, आणि शिलारसाने वाटेत उचललेला जुना झिरकॉन असल्यास वय उलट फुगते.

त्यामुळे पदवी वर्गांसाठीच्या पुस्तकांत वयासोबत खडक, खनिज, पद्धत, त्रुटिमर्यादा व छेदनसंबंध या पाच बाबी नोंदविल्या जाव्यात.