नागकथांचे पुनर्कथन : निवडीचा प्रश्न

पारंपरिक कथेचे सर्जनशील पुनर्कथन करणारा लेखक लेखणी उचलण्यापूर्वीच एक वाङ्मयीन निर्णय घेऊन चुकलेला असतो. असंख्य कथांमधून हीच कथा का, या प्रश्नाचे उत्तर आपली समीक्षा बहुधा आशयसूत्रात शोधते. परंतु आशयसूत्र आधी ठरवून त्यास साजेशी कथा परंपरेतून उचलली, की ती दृष्टान्तापुरती उरते. निवडीचा निकष कथेच्या पाठभेदांमध्ये शोधावा, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. नागकथांच्या आधारे ते तपासून पाहता येईल.

नागपंचमीच्या दोन कहाण्या महाराष्ट्रात सर्वपरिचित आहेत. एकीत शेतकऱ्याच्या नांगराचा फाळ लागून नागिणीची पिले मरतात. ती शेतकऱ्याच्या कुटुंबाला दंश करते आणि परगावी दिलेल्या लेकीकडे वळते. लेक मात्र पाटावर नाग काढून पूजेस बसलेली असते. नागीण प्रसन्न होते व माहेरची माणसे पुन्हा जिवंत होतात. दुसरीत माहेर नसलेल्या धाकट्या सुनेला शेषनाग लेक मानून आपल्या घरी नेतो. तेथे तिच्या हातून दिवा पडून नागपिलांच्या शेपट्या जळतात. पुढे ती पिले सूड घेण्यास येतात आणि ती आपल्याच नागभावांचे कुशल मागत असल्याचे ऐकून शांत होतात.

दोन्हींचा बंध एकच आहे : नकळत घडलेला अपराध, सूड आणि विवाहितेच्या पूजेने झालेले शमन. भेद आहे तो अपराधाच्या जागेत. पहिलीतील लेक निरपराध आहे आणि मृत्यू तिच्याकडे माहेराहून चालत येतो. दुसरीत अपराध तिच्याच हातून घडला आहे आणि सूड घेणारे हेच तिचे एकमेव माहेर आहे. तिची प्रार्थना मायेतून आली की भयातून, हे कहाणी उलगडत नाही. संशोधकाने ही जागा नोंदवावी. पुनर्कथनकाराने तिच्यात प्रवेश करावा.

गिरीश कर्नाडांनी ‘नागमंडल’मध्ये (१९८८) हेच केले. ए. के. रामानुजन यांच्याकडून ऐकलेल्या दोन कानडी लोककथा त्यांनी एकीत एक गुंफल्या. पतीच्या रूपात येणाऱ्या नागाला राणी ओळखते की नाही, हा मूळ कथेतील संदेह त्यांनी मिटवला नाही. उलट नाटकाला एकाहून अधिक शेवट दिले. मात्र त्या यशामुळे नाग म्हणजे प्रियकर, हे समीकरण पुढील लेखकास आयते वाटण्याचा धोका आहे. आपल्या कहाणीतला नाग पित्याचे आणि भावाचे नाते घेऊन येतो. ते नाते पुसून प्रियकर आणणे म्हणजे दुसरीच कथा निवडणे होय.

निवडीस स्थळाचीही साक्ष लागते. भंडारा जिल्ह्यातील आसगाव हा धानाचा मुलूख. येथे श्रावणाच्या सुमारास रोवणी चालू असते किंवा नुकतीच आटोपलेली असते, आणि चिखलात वाकून पऱ्हे लावणाऱ्या बाईला पायाखालचा साप हा रोजचा अनुभव असतो. नांगर धरू नये हा कहाणीतील निषेध कोरडवाहू शिवारात एक अर्थ धारण करतो, येथे दुसरा. छापील कहाणीसंग्रहांनी एकच पाठ रूढ केल्यामुळे असे भेद झाकले जातात. म्हणून कथा कोण सांगते, कोणापुढे आणि कोणत्या कामाच्या दिवसांत, याची नोंद कथेइतकीच आवश्यक ठरते.

याच जिल्ह्यात पवनी येथे १९६९-७० च्या उत्खननात इसवी सनापूर्वीच्या स्तूपाचे अवशेष मिळाले. त्यांत नामलेखासह मुचलिंद नागाचे शिल्प आहे. पावसात बुद्धावर फणा धरणारा हा नाग रक्षक आहे. हे शिल्प आणि आजची कहाणी यांना एका सूत्रात ओवण्याचा मोह होतो. संशोधकाने तो आवरला पाहिजे. मधल्या दोन सहस्रकांचे अखंड सातत्य केवळ साम्यावरून सिद्ध होत नाही. पुनर्कथनकार मात्र रक्षक नाग आणि सूड घेणारा नाग समोरासमोर उभे करू शकतो. ती त्याची कल्पना आहे, परंपरेचा पुरावा नव्हे, एवढे भान त्याने राखले म्हणजे पुरे.

सारांश, ज्या कथेचे पाठ एखाद्या मर्मावर परस्परांशी भांडतात आणि ते भांडण लेखकालाही सहज मिटवता येत नाही, तीच कथा निवडावी. ज्या कथेचे उत्तर त्याला आधीच ठाऊक आहे, ती पुन्हा सांगण्याचे त्याला प्रयोजन उरत नाही.