गुणोत्तरावरील शाब्दिक उदाहरणे आणि आकृतीचा उपयोग : एक चिकित्सा

गुणोत्तर-प्रमाणावरील शाब्दिक उदाहरणे सोडविताना विद्यार्थी पुष्कळदा अडखळतो तो आकडेमोडीत नव्हे, तर दिलेली संख्या नेमकी कशाची आहे हे ठरविताना. दोन रकमांचे गुणोत्तर ३:५ आणि त्यांतील फरक १४ रुपये असल्यास १४ ला ८ ने भागणारा विद्यार्थी भागाकार अचूक करतो. मात्र १४ हे दोन भागांचे मूल्य आहे, आठ भागांचे नव्हे, हे त्यास दिसलेले नसते. ते दिसावे यासाठी आकृती कितपत साहाय्यभूत ठरते, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (इ. स. ११५०) भागीदारीचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. तीन व्यापाऱ्यांची भांडवले अनुक्रमे ५१, ६८ व ८५. एकत्रित व्यापारात मुद्दल व नफा मिळून ३०० झाले. तर प्रत्येकाचा वाटा किती? ग्रंथातील रीतीनुसार प्रत्येक भांडवलास ३०० ने गुणून भांडवलांच्या बेरजेने, म्हणजे २०४ ने, भागावयाचे. उत्तरे ७५, १०० व १२५ येतात. रीत निर्दोष आहे. ती का लागू पडते हे मात्र ती स्वतः सांगत नाही. (सूत्र पद्यात आणि उलगडा गुरुमुखातून, ही त्या काळची अध्यापनपरंपराच होती.) आता तिन्ही भांडवले एकाखाली एक पट्ट्यांनी दाखवून पाहावीत. तिन्ही संख्यांना १७ ने भाग जातो. म्हणून पट्ट्यांत अनुक्रमे ३, ४ व ५ समान घरे पडतात. एकूण घरे १२. व्यापारापूर्वी प्रत्येक घरात १७ होते. व्यापारानंतर ३०० भागिले १२, म्हणजे २५ झाले. घरांची संख्या तीच राहिली, घराचे मूल्य तेवढे बदलले. भांडवलाच्या प्रमाणात नफा वाटणे म्हणजे प्रत्येक घरास सारखेच ८ मिळणे, हे येथे वेगळे सांगावे लागत नाही.

बालभारतीच्या २०१७ मध्ये प्रकाशित झालेल्या इयत्ता नववीच्या 'गणित भाग १' या पुस्तकातील 'गुणोत्तर व प्रमाण' या प्रकरणात व्यस्त क्रिया, एकांतर क्रिया, योग क्रिया, वियोग क्रिया व के-पद्धती यांची मांडणी आहे. बैजिक शिस्तीच्या दृष्टीने ती उपयुक्तच होय. तथापि हा 'के' म्हणजे वरील पट्टीतील एक घर, हा संबंध मनात नसेल तर विद्यार्थी अक्षर मानतो आणि ते कशाचे मानले हे विसरतो. घर आधी आणि अक्षर नंतर, हा क्रम अध्यापनात राखला जाणे अगत्याचे आहे. सिंगापूरच्या प्राथमिक पाठ्यपुस्तकांत १९८० च्या दशकात पट्टी-आकृतीला स्थान मिळाले, ते याच क्रमाने.

कोल्हापूर परिसरातील गुऱ्हाळाचे उदाहरण घेता येईल. दोन शेतकऱ्यांकडील गुळाच्या रव्यांचे गुणोत्तर ५:३ आहे. पहिल्याने दुसऱ्यास २० रवे दिल्यास दोघांकडे सारखे होतात. पहिल्याची पट्टी दोन घरांनी लांब. त्यांपैकी एक घर दिले की दोन्ही पट्ट्या समान होतात. म्हणजे एक घर २० रव्यांचे. मूळ रवे १०० व ६०. समीकरण मांडूनही हेच उत्तर येते, परंतु फरक दोन घरांचा असताना एकच घर का द्यावे लागते, हे पट्टीत जितके उघड आहे तितके समीकरणात नाही. अर्थात आकृती विद्यार्थ्याने स्वतः काढलेली असावी. फळ्यावरील तयार आकृती वहीत उतरवून घेणे हीदेखील घोकंपट्टीच. कारण कोणती पट्टी लांब आणि दिलेली संख्या कोणत्या घरांवर लिहावयाची, हा निर्णयच उदाहरणाचा गाभा असतो.

पट्टी सर्वत्र चालत नाही. ८ मजूर १५ दिवसांत करतात ते काम १२ मजूर किती दिवसांत करतील, या व्यस्त प्रमाणाच्या उदाहरणात ती दिशाभूल करते. तेथे मजूर व दिवस या बाजू मानून आयत काढावा. क्षेत्रफळ १२० कायम राहते, एक बाजू १२ झाली की दुसरी १० होते. भागीदारीच्या उदाहरणातही तिसऱ्याचे भांडवल ८५ ऐवजी ८६ असते, तर तिन्ही संख्यांना सामाईक विभाजक उरला नसता आणि २०५ घरे काढावी लागली असती. अशा वेळी भास्कराचार्यांची रीतच सोयीची. मात्र तिच्यातील २०५ ही घरांची संख्या होय, हे पूर्वी पट्टी काढलेल्या विद्यार्थ्याला सांगावे लागत नाही.