नळाला पाणी आहे का?

हौदाचे गणित शाळेत सर्वांनी सोडवलेले असते. एका नळाने पाणी येते, दुसऱ्याने जाते. मनुष्यबळाचे नियोजनही याच रीतीने चालते. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेचा, म्हणजे एनएचएसचा, जून २०२३ मधील १५ वर्षांचा आराखडा आपण या दृष्टीने तपासू. सेवा सोडून जाणाऱ्यांना थांबवण्याचा विचार त्यात होता, हे त्याचे श्रेय. परंतु मोठा भर शिक्षणाच्या जागा वाढवण्यावर होता. जागा वाढवणे म्हणजे नळ मोठा करणे. त्याला पाणी आहे का, हा प्रश्न उरतोच.

पोडियाट्रिस्टचे, म्हणजे पदचिकित्सकाचे, उदाहरण घेऊ. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, जखम कळत नाही, ती चिघळते आणि प्रसंगी पाय कापावा लागतो. म्हणून असा रुग्ण कामकाजाच्या एका दिवसात पायाच्या तज्ज्ञांकडे पाठवावा, असे तेथील मार्गदर्शक सूत्र सांगते. पदचिकित्सेची पदवी मात्र साधारणपणे तीन वर्षांची आहे.

२०१७ पासून नव्या विद्यार्थ्यांची शिष्यवृत्ती बंद झाली आणि त्याऐवजी कर्ज आले. २०२० मध्ये वर्षाला किमान ५,००० पौंडांचे अनुदान सुरू करावे लागले. पदचिकित्सेसारख्या टंचाईच्या विषयांना आणखी १,००० पौंड मिळू लागले. विद्यार्थी आपोआप येत नाहीत, हे यातून दिसते.

म्हणून मंजूर जागांबरोबर भरलेल्या जागा, उत्तीर्ण झालेले आणि सेवेत टिकलेले असे चारही आकडे आराखड्यात हवेत. नाहीतर गणित कागदावर सुटेल आणि रुग्णाचा पाय जाईल. शिक्षकांनी हे उदाहरण वर्गात जरूर घालावे.