जनीचे विसण

जनाबाईचे अभंग मी आईच्या तोंडून ऐकत वाढलो. गंगाखेडची ही मुलगी नामदेवांच्या घरी दासी होती आणि पंढरीचा देव तिच्या बरोबरीने राबला, या कौतुकापलीकडे माझी समज गेली नव्हती. आपले रसग्रहणही बहुधा देवाच्या थोरवीपाशीच थांबते. त्यात जनी मागे राहते.

तीन वर्षांपूर्वी आईची उजवी बाजू अर्धांगवायूने गेली. तिला न्हाऊ घालायचे काम माझ्याकडे आले. मी तांब्यामागून तांब्या ओतायचो, ती डोळे मिटून बसायची. मला वाटे, तिला बरे वाटते आहे. एके दिवशी ती म्हणाली, "बाबा, आज आंघोळ नको." दुसऱ्या दिवशीही तेच. तेव्हा ते मिटलेले डोळे मला उमगले.

त्या दिवसांत मी हे अभंग पुन्हा वाचले. एका अभंगात जनी न्हायला बसते आणि विसणाला पाणी नसते. देव घागर घेऊन पाण्याला जातो. नीट पाहा. उणे आहे ते तो आणून देतो.  दुसऱ्या अभंगात उवांनी ती गांजली आहे. हे एकटीच्या हातचे काम नव्हे. म्हणून देव स्वतः बुचडा सोडतो, उवा मारतो, केस विंचरतो. पण तिथे त्याचे नाव 'विठाबाई' होते. आणि डोके निर्मळ झाले, हे अखेरीस सांगते कोण? देव नव्हे, जनी. माझ्या मते या रचनांचे मर्म इथे आहे. सेवा देवाची असली तरी ती पुरी झाली की नाही, हे ठरवायचा अधिकार जनीचा आहे.

एक उणीवही नोंदवली पाहिजे. या दोन अभंगांतला देव कधी थकत नाही, चिडत नाही. माणूस थकतो, आणि थकला की घाई करतो. माझी घाई आईच्या अंगावर पडत होती.

मला काही विठाबाई होता येणार नव्हते. शेजारच्या कन्नड बाईंना विनंती केली. त्यांनी पहिल्याच दिवशी तांब्या आईच्या डाव्या हातात दिला. पाठीवर पाणी घालताना त्या विचारीत, "नीर साकेन्री?" आणि आई, जिला उभ्या जन्मात कन्नड धड बोलता आले नाही, आतून ठसक्यात सांगे, "साकव्वा!"

मी दाराबाहेर विसणाची बादली भरून ठेवत असे. माझ्या वाट्याचे काम तेवढेच होते, आणि ते कमी नव्हते.