सिंधू कुठे पडली?

'एकच प्याला' मी पूर्ण वाचलं ते पुण्यात, ऑफिसच्या बसमध्ये, मोबाइलवर. शाळेत या नाटकाची ओळख एका ओळीत झाली होती: दारूच्या दुष्परिणामांवरचं नाटक. पाचव्या अंकात पोहोचलो आणि पुढचे दोन स्टॉप मोबाइल बंद करून नुसता बसून राहिलो.

ज्यांनी वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुधाकर हुशार वकील. मुन्सफाशी खटका उडतो, सनद काही काळ जाते, तळीराम पहिला पेला हातात देतो आणि घर बुडत जातं. बायको सिंधू दळण दळून तान्ह्या मुलाला जगवते, पण श्रीमंत भावाची, पद्माकराची, मदत घेत नाही. शेवटी नशेत सुधाकर काठी चालवतो. मूल मरतं, सिंधू घायाळ होते. पोलीस येतात, तेव्हा ती नवऱ्याचं नाव घेत नाही. अपघात झाला असं सांगते.

हा जबाब मी आधी ऐकलेला होता. कोरपन्यात आमच्या भिंतीला भिंत लागून एक काकू राहायच्या. मी नववीत असताना एकदा आईबरोबर त्यांना दवाखान्यात घेऊन गेलो होतो. डॉक्टरांनी विचारलं तर म्हणाल्या, "पायरीवरून पडली जी मी." त्यांच्या घराला पायरी नव्हती. आदल्या रात्री भिंतीपलीकडून काय ऐकू आलं ते मला आणि आईला दोघांनाही माहीत होतं. आमच्या टीव्हीचा आवाज कोणी वाढवला होता तेही माहीत होतं. मीच वाढवला होता.

राम गणेश गडकरी जानेवारी १९१९ मध्ये सावनेरला गेले, म्हणजे आमच्या विदर्भातच. नाटक रंगभूमीवर आलं ते त्यांच्यानंतर. गंधर्व नाटक मंडळीच्या प्रयोगात बालगंधर्व सिंधू होते, गणपतराव बोडस सुधाकर. तेव्हापासून आपण भांडत आलो ते मुख्यतः सुधाकरवरून: त्याला दारूने बुडवलं की मानी स्वभावाने, त्याची घसरण पटते की नाही, वगैरे. मला वाटतं, घरातल्या मारहाणीचं इतकं अचूक वर्णन मराठीत फार कमी ठिकाणी आहे. हातातला पैसा जाणं, माहेर असूनही नसल्यासारखं होणं, सगळ्यांना सगळं दिसत असणं आणि पोलीस दारात आल्यावर मार खाल्लेल्या बाईनेच मारणाऱ्याला वाचवणं. गडकऱ्यांनी हे सगळं पाहिलं होतं.

माझं भांडण यापुढचं आहे. जे दुखणं म्हणून दिसायला हवं, त्याला ते सद्गुण ठरवतात. सिंधूचा खोटा जबाब नाटकात पातिव्रत्याचा कळस होतो आणि प्रेक्षक त्यावर रडतो. त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता आहे. ती नवऱ्याला फाडफाड बोलते, पण तिच्या वाट्याला विनोदाची बाजू. बोलणाऱ्या बाईला हसायचं, गप्प बसणारीला नमस्कार करायचा. लहानपणी मामाच्या गावी, सिंदेवाहीकडे, झाडीपट्टीची रात्रभराची नाटकं पाहिली. दारुड्या पात्राला शिट्ट्या पडायच्या आणि त्याची सोशिक बायको रडायला लागली की मंडपात बाया पदर डोळ्याला लावायच्या. सिंधू आमच्याकडेही पोहोचलेली होती.

आता दारूबद्दल. डिसेंबर २०१० मध्ये श्रमिक एल्गारच्या पारोमिता गोस्वामींसोबत हजारो बाया चिमूरहून नागपूरला विधानभवनावर चालत गेल्या. १ एप्रिल २०१५ ला चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी आली. मे २०२१ मध्ये मंत्रिमंडळाने ती उठवायचं ठरवलं. दोन्ही वेळा वाद झाला तो महसूल, अवैध दारू, गुन्हेगारी यांवर. आमच्या तालुक्याला एकीकडे तेलंगणा, दुसरीकडे वणी. बंदीच्या काळात दारू कुठून यायची ते पोरासोरांनाही माहीत होतं. बाया म्हणत होत्या, "पितो आणि मारतो." आपण 'पितो' तेवढं ऐकलं. माझ्या कामात याला चुकीच्या नावाने नोंदवलेला बग म्हणतात. तो दुरुस्त झाला असं दाखवून तिकीट बंद करता येतं.

पण त्या बायांची चूक झाली असं मला म्हणायचं नाही. चौकात उभं राहून 'दारू' म्हणता येतं, नवऱ्याचं नाव घेता येत नाही. दारूला दोष दिला की कुंकू शाबूत राहतं. सिंधूनेही वेगळं काय केलं?

कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ ला लागू झाला. मारणारा प्यालेला होता की शुद्धीवर, यावर त्यातलं संरक्षण अवलंबून नाही. बाईला त्याच घरात राहायचा हक्क आहे, घर कोणाच्याही नावावर असो. दंडाधिकारी मारणाऱ्यालाच बाहेर राहायला सांगू शकतात. सिंधूसमोर भावाचं घर किंवा मरण असे दोनच रस्ते होते, तिथे हा तिसरा. शिवाय कलम ४ आहे. संरक्षण अधिकाऱ्याला शेजारीही कळवू शकतो आणि चांगल्या हेतूने दिलेल्या माहितीबद्दल त्याच्यावर काही येत नाही. मी नववीत होतो तेव्हा हे कलम लागू होऊन काही वर्षं झाली होती. मी ते वाचलं ते 'एकच प्याला' संपवल्यावर.

यंदा दिवाळीत गेलो तर काकू अंगणात भेटल्या. काका वारले त्याला बराच काळ झाला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "बाबू, तो बायांचा फोन नंबर असते म्हणतात, तो खरंच लागते का?" मी १८१ लावून दाखवला. लागला. पलीकडून आवाज आल्यावर त्यांनी घाबरून फोन कट करायला लावला. मग घरात जाऊन कॅलेंडर आणलं आणि मागच्या बाजूला, मोठ्या आकड्यांत, नंबर लिहून घेतला. घरात सून आहे. कोणासाठी हवाय, ते मी विचारलं नाही.