दिवस-रात्र चक्र, भूमिकाप्रधान व्हिडिओ खेळांतील

भूमिकाप्रधान व्हिडिओ खेळाच्या कल्पित जगात सूर्योदय-सूर्यास्ताचा क्रम चालू ठेवून त्यानुसार तेथील माणसे, दुकाने, शत्रू व प्रकाश यांत बदल घडविण्याची रचना. केवळ आकाशाचा रंग पालटणे म्हणजे असे चक्र नव्हे. रात्र झाल्याने खेळाडूस एखादी गोष्ट करता येईनाशी झाली, किंवा नव्याने करता येऊ लागली, तरच रात्रीस रचनेत स्थान आहे असे म्हणता येते. या कसोटीवर काही नावाजलेले खेळही उणे ठरतात.

या दृष्टीने १९८८ हे वर्ष महत्त्वाचे होय. रिचर्ड गॅरियट यांचा अमेरिकन खेळ अल्टिमा ५ व युजी होरी यांचा जपानी खेळ ड्रॅगन क्वेस्ट ३ हे दोन्ही त्याच वर्षी आले. गॅरियट यांच्या खेळातील नगरवासी ठराविक वेळी कामावर जातात, जेवतात व निजतात. त्यामुळे कोण केव्हा कोठे भेटेल, हे खेळाडूस ध्यानात ठेवावे लागते. अंधारात दृष्टीचा पल्लाही आखूड होतो. होरी यांची रीत अधिक काटकसरीची आहे. बाहेरच्या भूमीवर पावले टाकली, तरच वेळ पुढे सरकते. गावात शिरताच ती थांबते. वास्तवाशी हे विसंगत आहे खरे, परंतु त्यामुळे वेळ हे प्रवासाचे मोल ठरते आणि गावात निवांत चौकशी करणाऱ्यास घाई होत नाही.

याच खेळातील तेडॉन हे गाव चक्राच्या वापराचा उत्कृष्ट नमुना मानावे लागेल. रात्री पोहोचणाऱ्यास ते नांदते दिसते. लोक बोलतात, धर्मशाळेत निजावयास जागाही मिळते. सकाळी जाग येते ती भग्नावशेषांत. गाव केव्हाच नष्ट झाले आहे व आपण मेलो आहोत, याची तेथील लोकांना जाणीव नाही. कथानकास आवश्यक असा हिरवा गोल तेथील बंदिवानाकडून रात्रीच मिळत असल्याने हा चमत्कार शोभेपुरता राहत नाही. खलनायकाच्या क्रौर्याची लांबलचक निवेदने जे साधत नाहीत, ते येथे दोन प्रहरांच्या विरोधातून साधले आहे.

पोकेमॉन गोल्ड व सिल्व्हर (१९९९) यांत चक्र खऱ्या घड्याळाशी जोडले गेले. काही प्राणी रात्रीच आढळतात. मात्र कार्ट्रिजमधील विद्युत्‌घट संपला, की घड्याळाबरोबर साठविलेला खेळही पुसला जातो.

स्कायरिम (२०११) या खेळात मूळ मांडणीनुसार पूर्ण दिवस ७२ मिनिटांत सरतो. रात्री दुकाने बंद होतात. पण ‘थांबा’ या आज्ञेने चोवीस तासांपर्यंतचा काळ विनामूल्य व क्षणार्धात घालविता येत असल्याने बंद दार हा अडथळाच उरत नाही. चोराची भूमिका घेणाऱ्यास अंधाराचा उपयोग होतो, इतरांस रात्र हा केवळ देखावा असतो. दिनक्रमाचा एवढा खटाटोप करून तो एका कळीने निष्प्रभ करावा, हे आश्चर्यच होय.

फायनल फँटसी १५ (२०१६) मध्ये रात्री रस्त्यांवर प्रबळ पिशाचे उतरतात आणि दिवसभरात मिळविलेला अनुभव मुक्कामानंतरच पात्रांच्या पदरी पडतो. साहजिकच, आणखी पुढे जावे की येथेच तळ ठोकावा, हा प्रश्न रोज सायंकाळी उभा राहतो. पात्रे सबळ झाल्यावर मात्र ही भीती बरीच ओसरते.